गिअर खाली घेतला ते वर्ष

सातवीण फुलली की मी संध्याकाळी खिडक्या लावून घेते. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या कुंपणालगत तिची दोन झाडं आहेत. पाऊस ओसरतो, आठ-दहा दिवस उन्हाला धार चढते आणि मग एका संध्याकाळी तो वास जिन्याने वर येतो. गोड आणि जड, कपाळात जाऊन बसणारा. शेजारच्या मुलीला तो फार आवडतो. परवा ती म्हणाली, काकू, एवढा छान वास सुटलाय आणि तुम्ही घर बंद करून काय बसलात? मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

ऑक्टोबरशी माझं आधी काही वाकडं नव्हतं. लहानपणी तर तो आवडायचा. सहामाही संपलेली असायची, गच्चीवर गाद्या पडायच्या, डाळी-तांदळाला ऊन दिलं जायचं आणि पावसाळाभर कोंदटलेल्या घराला कोरडा, करकरीत वास यायचा. एका वर्षी मात्र तो महिना बिघडला तो बिघडलाच. त्याला आता चाळीसच्या आसपास वर्षं होतील. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, घाटकोपरच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते, आणि आमच्या गाडीचा गिअर खाली घ्यायचा असं आप्पांनी ठरवलं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. एका इंजिनिअरिंग कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. काहीही समजावून सांगायचं तर आधी कागद ओढायचे. मला सायकलचा ब्रेक, आईला मिक्सरचा फ्यूज, सगळं त्यांनी चित्र काढून शिकवलं. हाताने रेघ मारली तरी पट्टीने मारल्यासारखी यायची. गाडी सेकंडहँड होती, साय रंगाची. आताच्या मुलांना सांगावं लागतं की त्या गाडीला गिअरची दांडी दोन सीटच्या मधे नव्हती. ती स्टिअरिंगच्या खालून डावीकडे निघायची. गिअर बदलायचा म्हणजे डावा हात उचलून ती दांडी ओढायची, वर ढकलायची, खाली दाबायची. त्याच सुमाराला रस्त्यावर नव्या छोट्या गाड्या दिसू लागल्या होत्या. त्यांचा गिअर खाली, मांडीशेजारी. त्यांच्यापुढे आमची दांडी अगदीच जुनाट वाटायची, आणि जुन्या गाडीचा गिअर खाली घेऊन देणारे गॅरेजवालेही ठिकठिकाणी झाले होते. तेव्हा आप्पांनी तो विषय काढला, यात मला काही नवल वाटलं नाही. उलट मीच जास्त हुरळले.

गणपतीनंतर ते गिअरबद्दल कुरकुर करायला लागले. दुसरा पडत नाही, तिसऱ्यावरून खाली येताना अडकतो, दांडीत जोर राहिला नाही. आता आठवते ती त्या गणपतीतली आरती. दर वर्षी ते उजव्या हाताने ओवाळायचे आणि डाव्या हाताने घंटा वाजवायचे, दोन्हीची लय एकमेकांना धरून. त्या वर्षी दुसऱ्या कडव्यालाच त्यांनी घंटा माझ्याकडे दिली. तू वाजव, म्हणाले. मी वाजवली. एवढ्यावरून कुणाला काय कळणार? मला वाटलं, मुलीला मान दिला.

गाडी साकीनाक्याला परबांच्या गॅरेजमधे जायची. परब मूळचे मालवणकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. एरवी आपल्यासारखं मराठी बोलत, पण काही मनावर घेतलं की तोंडात गावचं यायचं. त्यांनी आधी दांडीच्या सांध्यातले झिजलेले बुश बदलले. आठवड्याने आप्पा परत गेले, अजून अडकतो म्हणाले. परबांनी गाडी स्वतः एक चक्कर मारून आणली आणि सांगितलं की गिअर लोण्यासारखा पडतोय. आप्पांना राग आला. मी त्या दिवशी बरोबर होते. एवढ्यातेवढ्यावरून चिडणारा माणूस नव्हता तो, म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग ते जरा वरमून म्हणाले, जाऊ दे, आता गिअर खालीच घ्या. खिशातून कागद काढून त्यांनी गॅरेजच्या पेटीवरच चित्र काढायला घेतलं. कागद डाव्या हाताने धरायच्या ऐवजी त्यांनी त्यावर एक पाना ठेवला. तेही मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं. माणूस जे बघायचं नसतं ते किती नीट बघून ठेवतो.

काम तीन दिवसांचं होतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी परस्पर साकीनाक्याला गेले. आप्पा रजा काढून आले होते. ऊन असं होतं की सीटच्या रेक्झिनला हात लावून मी परत उचलला. स्टिअरिंगखालची दांडी गेली होती, तिथे नुसतं भोक राहिलं होतं. खाली पत्रा कापून, रबराच्या टोपीतून एक लोखंडी सळी वर आली होती, टोकाला आटे पाडलेली. वर मूठ नव्हती. उघड्या हाडासारखी दिसली ती मला. परब म्हणाले, मूठ तुमच्या पसंतीची घ्या, पलीकडे दुकान आहे.

त्या दुकानात काचेच्या कपाटावर मुठीच मुठी मांडल्या होत्या. काळ्या प्लास्टिकच्या, वर गिअरचे आकडे कोरलेल्या. चकचकीत स्टीलच्या. पारदर्शक गोळे, कुणाच्या आत गुलाब, कुणाच्या आत खेकड्याचं पिल्लू. एकात विंचू होता, खराखुरा, नांगी वर केलेला. दुकानदाराने तोच पुढे केला. आजकाल हाच चालतो, एकदम झकास दिसेल, असं त्याचं म्हणणं. माझ्या अंगावर काटा आला. आप्पा मात्र एकेक मूठ डाव्या हातात घेऊन, डोळे मिटून, बोटं वळवून बघत होते. फळवाल्याकडे आंबा दाबून बघावा तसं नाही. आपलाच हात तपासून बघावा तसं. लहान मुठी त्यांनी लगेच बाजूला केल्या. विंचवाचा गोळा घेतला आणि तो त्यांच्या बोटांतून निसटला. सरळ कपाटावर पडला. गोळ्याला काही झालं नाही, काचेला मात्र कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला.

दुकानदाराने वाकून तड्यावरून बोट फिरवलं. मग आप्पा म्हणाले, घाम फार येतोय. हात पँटला पुसला आणि काचेची भरपाई देऊ केली. शेवटी त्यांनी एक लाकडी मूठ निवडली, शिसवीची, पेरूएवढी, बिनपॉलिशची. हातात घसरत नव्हती. पैसे देण्याआधी ती त्यांनी माझ्यापुढे धरली. "तुझ्या हातात बसते का बघ."

माझ्या हाताला ती मोठी होत होती. तरी मी बसते म्हटलं.

मूठ बसवली. आप्पा आणि परब गाडी घेऊन मरोळपर्यंत जाऊन आले. मी गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून होते. गाडी परत आली तेव्हा आप्पा खूश दिसले, किंवा मला तसं वाटलं. हात धुवायला ते मागच्या नळावर गेले. परब त्या नव्या मुठीवरून फडकं फिरवत होते. माझ्याकडे न बघताच बोलले.

"ताई, गाडयेक काय जावक नाय. आधीय जावक नव्हता." गाडीला काही झालेलं नाही, आधीही नव्हतं, असं ते सांगत होते. मग फडकं खाली ठेवलं. "साहेबांका डॉक्टराक दाखवा. तेंचो हात बघा."

मी नळाकडे बघितलं. आप्पा उजव्या हाताने नळ सोडून डाव्या हातावर साबण चोळत होते. डावा हात नुसता समोर धरलेला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो तिथे त्यांच्या हाताला खड्डा होता. ऊन वरून येत होतं म्हणून त्या खड्ड्यात सावली पडली होती.

मी घरी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी घट बसले. आईच्या घटाचं फार असायचं. नऊ दिवस दिवा सांभाळायचा, घरात वेडंवाकडं बोलायचं नाही. मी स्वतःला सांगितलं, दसरा होऊ दे. नऊ दिवसांनी काय बिघडतंय? आणि त्या नऊ दिवसांत मी आप्पांकडे चोरून बघत राहिले. पेपर ते हातात न धरता टेबलावर पसरून वाचत होते. ऑफिसचं एक ड्रॉइंग घरी आणलं होतं. ड्राफ्ट्समनचा डावा हात त्रिकोणी पट्टी दाबून धरतो तेव्हा उजवा रेघ मारतो. आप्पांनी पट्टीवर पितळेची दोन वजनं ठेवली होती. प्रत्येक रेघेला ती उचलायची, पट्टी सरकवायची, वजनं परत ठेवायची. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, पंख्याने कागद उडतो ना. पंखा बंद होता.

घटातलं धान रोज बोटभर वाढत होतं. संध्याकाळी सातविणीचा वास यायचा आणि आई म्हणायची, काय प्रसन्न वाटतंय बघ.

दसऱ्याला सकाळी गाडी धुतली. बॉनेटला झेंडूची माळ बांधली, नव्या मुठीला आईने हळद-कुंकू लावलं. दुपारी चारच्या सुमाराला आम्ही निघालो, दिंडोशीला मावशीकडे सोनं द्यायला. आप्पा गाडी चालवत होते, शेजारी मी, मागे आई, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी आणि श्रीखंडाचा डबा. मला गाडी येत होती, लायसन होतं, पण आप्पा असताना मी चालवायची पद्धत नव्हती. निघताना जिन्यात मी म्हणून बघितलं, आज मी चालवू का? ते म्हणाले, सणाचं राहू दे, उद्यापासून चालव.

भांडुप, कांजूर ठीक गेलं. पवईला तलावाच्या कडेने ते एकाच गिअरवर गाडी रेटत राहिले. इंजिन घुमायला लागलं तरी बदलेनात. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो मुठीवर होता, पण मूठ त्याने धरली नव्हती. नुसता ठेवलेला होता.

मग आरेत शिरलो. आता तिथे केवढी रहदारी असते. तेव्हा दसऱ्याच्या दुपारी तो रस्ता शांत होता, दोन्ही बाजूंनी माणसाच्या उंचीचं गवत, वाळून पिवळं पडलेलं, आणि वारा नावाला नाही. एका उतारावर समोर तबेल्याच्या म्हशी रस्ता ओलांडताना दिसल्या. आप्पांनी ब्रेक दाबला, क्लच दाबला, गाडी खालच्या गिअरवर घ्यायला हात हलवला. हात हलला, मूठ हलली नाही. त्यांनी परत केलं. परत तेच. आणि मग त्यांनी स्टिअरिंग सोडलं. डावा पाय क्लचवर तसाच ठेवून त्यांनी उजवा गुडघा वर घेऊन स्टिअरिंगला टेकवला आणि उजवा हात अंगावरून आणून गिअर खेचला. त्या हालचालीत इतकी सफाई होती की ही पहिली वेळ नाही हे मला त्याच क्षणी कळलं. हा माणूस कित्येक दिवस असा ऑफिसला जाऊन येत होता.

गिअर पडला. पण गुडघ्यावरून स्टिअरिंग घसरलं आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून दुधाच्या कॅन लावलेला एक सायकलवाला चढ चढत येत होता, मान खाली घालून. मी स्टिअरिंग धरून माझ्याकडे ओढलं. दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाने. काहीतरी घासल्याचा आवाज झाला. गाडी डावीकडच्या गवतात शिरून थांबली आणि इंजिन बंद पडलं. मागे रस्त्यावर एक रिकामी कॅन उतारावरून गडगडत जात होती, ती बराच वेळ ऐकू येत राहिली.

माणूस वाचला. सायकलचं हँडल वाकलं होतं आणि त्याचं कोपर सोलवटलं होतं. आई सगळ्यांच्या आधी उतरली. बाटलीतल्या पाण्याने तिने त्याची जखम धुतली, रुमाल बांधला, त्याला गवताच्या कडेला बसवलं. तो बिचारा आम्हालाच विचारत होता, कुणाला लागलं का. आप्पा गाडीतून उतरलेच नाहीत. स्टिअरिंगकडे बघत बसले होते. मग त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, मुठीवरून काढला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"मधू, तू ये इकडे," ते म्हणाले.

मी गाडी चालवली. तो नवा गिअर मी पहिल्यांदाच हातात घेतला होता. आप्पा शेजारी बसून हळू आवाजात सांगत होते. क्लच पूर्ण दाब. आता मधे आण. आता पुढे. ती मूठ खरंच फार मोठी होती मला. आईने मागे पानांची पिशवी परत मांडीवर घेतली होती. मावशीकडे आम्ही सोनं दिलं, श्रीखंड खाल्लं, कुणाला काही सांगितलं नाही.

पुढचं लवकर सांगता येतं, कारण पुढे कुणाच्याच हातात काही नव्हतं. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी आप्पांना शर्ट काढायला सांगितलं. दंडाच्या कातडीखाली काहीतरी सारखं फडफडत होतं, आत पाखरू अडकल्यासारखं. डॉक्टर त्याच्याकडेच बघत होते. मज्जातंतू हळूहळू मरत जाण्याचा तो आजार होता. औषध नव्हतं. डावा हात गेलाय, उजवाही जाईल, मग पाय, मग जीभ. कधी, ते सांगता येत नाही. आप्पांनी विचारलं, उजवा किती दिवस? ड्राफ्ट्समनने दुसरं काय विचारायचं! उजवा दीड वर्ष टिकला. शेवटच्या महिन्यांत काढलेल्या रेघांना लाटा यायला लागल्या होत्या.

ते सगळं मी करू शकले. गाडीतून नेणं-आणणं, घास भरवणं, न्हाऊ घालणं. मला जमलं नाही ते वेगळंच. पुढच्या वर्षी, असंच उन्हं कलती झालेली असताना, इस्पितळातून परतताना मी पवईला गाडी थांबवली होती. त्यांना तलाव बघायचा होता. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. मी सांगून टाकलं की परबांनी मला दसऱ्याआधीच सांगितलं होतं आणि मी नऊ दिवस गप्प राहिले. मला रडायचं होतं, त्यांनी काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं.

ते म्हणाले, "मलाही सांगितलं होतं त्याने. त्याच दिवशी. मरोळला गाडी थांबवून."

मी हात स्टिअरिंगवरून खाली घेतला. मग विचारलं, "तरी दसऱ्याला तुम्ही गाडी काढलीत?"

"गिअर खाली आला की जमेल, असं वाटायचं. रोज वाटायचं." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "आणि तू शेजारी होतीस ना."

हे वाक्य मी आजवर कुठे ठेवू शकलेले नाही. त्यात माझ्यावरचा केवढा भरवसा होता, हे कळतं. पण त्यात तो सायकलवालाही होता, मान खाली घालून चढ चढणारा, आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आप्पांवर मी जेवढी माया केली तेवढा कुणाचा राग केला असेल तर तोही त्यांचाच. त्या दिवशी मी गाडी सुरू केली आणि मुलुंडला आणली. नंतर त्यांची जीभ गेली आणि विचारायचं राहूनच गेलं.

ते गेले तिसऱ्या वर्षी. वर्षश्राद्ध झाल्यावर आईने त्यांचं कपाट रिकामं करायला घेतलं. कपडे एका आश्रमाला द्यायचे होते. दुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं. ती शर्टांच्या घड्या घालत होती, मी पिशवी धरून बसले होते. तेव्हा मी आईला सांगितलं. परब काय म्हणाले होते, आप्पांना काय माहीत होतं, सगळं. मला वाटत होतं, आई हादरेल. एवढं कळूनही आम्ही दोघांनी तिला मागच्या सीटवर बसवून नेलं होतं, याची तिने आम्हाला काहीतरी शिक्षा करावी असं वाटत होतं.

आईने हातातल्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"श्रावणापासून त्यांची बटणं मी लावत होते," ती म्हणाली. "तू आंघोळीला गेलीस की. तुला दिसू नये असं त्यांचं म्हणणं होतं."

मग तिने तो शर्ट पिशवीत ठेवला आणि पुढचा उचलला.